ज्याचा सूर, त्याच्या कानी
(गायनपथकाच्या ध्वनिमुद्रणातील ऐकण्याची व्यवस्था)

आंबेडकरी चळवळीचा इतिहास जितका लिहिला गेला, तितकाच तो गायिला गेला. वृत्तपत्र ज्यांच्या हाती पोहोचत नव्हते, आणि पोहोचले तरी अक्षरओळखीअभावी वाचता येत नव्हते, अशा वस्त्यांपर्यंत महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिराचा लढा आणि येवल्याची घोषणा गेली ती डफ-तुणतुण्याच्या साथीने. सत्यशोधक जलशांचा वारसा पुढे नेत १९३० च्या दशकाच्या आरंभी नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. आपल्या दहा सभांचे काम कर्डकांचा एक जलसा करतो, अशा आशयाचे बाबासाहेबांचे कौतुकोद्गार आजही आदराने सांगितले जातात. पुढे सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी गावोगाव फिरून ही परंपरा जनसामान्यांच्या ओठांवर ठेवली. प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांच्यासारख्या गायकांचे आवाज तबकड्या व कॅसेट यांच्या मार्गाने घराघरांत पोहोचले.

तथापि या परंपरेचा फार मोठा भाग ज्यांचे नाव कोणत्याही तबकडीवर आले नाही अशा गायकांनी सांभाळला. भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलशांविषयी पुस्तक लिहून ठेवले, म्हणून त्यांचे स्वरूप आपणांस कळते. परंतु छापील शब्दांवरून चाल कळत नाही. कोणत्या ओळीवर झीलकऱ्यांनी उचल घेतली, ढोलकी कोठे थांबली, हे कळत नाही. बाबासाहेबांची मुलाखत बीबीसीने ध्वनिमुद्रित केली, म्हणून आज आपला विद्यार्थी त्यांचा प्रत्यक्ष आवाज ऐकू शकतो. जो आवाज मुद्रित झाला नाही, तो गायकाबरोबरच जातो.

पूर्वी ध्वनिमुद्रण म्हणजे मुंबई-पुण्याची वारी आणि न परवडणारे भाडे. आज संगणक, काही मायक्रोफोन आणि एक जोडयंत्र एवढ्या सामग्रीवर शाळेच्या वर्गातही चांगले मुद्रण होऊ शकते. अशा मुद्रणाचे प्रयत्न आता अनेक ठिकाणी होतात. त्यांतील बहुतेक प्रयत्न ज्या एका ठिकाणी अडतात, त्याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. ते ठिकाण म्हणजे गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचे स्वतःचे ऐकणे. मायक्रोफोन कोणता घ्यावा याची चर्चा पुष्कळ होते. गाताना कलावंताच्या कानांत काय पडते याची होत नाही. प्रत्येक कलावंताला त्याच्या गरजेप्रमाणे वेगळा आवाज हेडफोनमधून कसा द्यावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

ऐकण्याची बदलत गेलेली रीत

जलशाच्या फडात कलावंत एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे राहत. शाहीर पुढे, झीलकरी मागे, ढोलकीवाला बाजूला. कोणाचा आवाज कमी पडला तर अर्धे पाऊल सरकले की काम भागे. डोळ्यांनी इशारा देता येई. ऐकण्यासाठी वेगळी व्यवस्था लागतच नव्हती. उभे राहण्याची रीत हीच व्यवस्था होती.

ध्वनिवर्धक आले आणि ही रीत मोडली. कर्ण्यांची तोंडे श्रोत्यांकडे वळलेली असल्याने गाणाऱ्याला स्वतःचा आवाज समोरच्या भिंतीवरून, उशिरा आणि पुसट मिळू लागला. आजूबाजूचा आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवितो, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या आरंभी एतियेन लोंबार या फ्रेंच वैद्याने नोंदविली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. जयंतीच्या दिवसांत सलग कार्यक्रम करणाऱ्या गायकांचा घसा बसतो, त्यामागे श्रमांइतकेच हेही कारण असते. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून ते ओरडतात.

ध्वनिमुद्रणाची कथा थोडी वेगळी आहे. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित झाले, तेव्हा गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे आणि साथीदार त्या कर्ण्याच्या आसपास बसत. आवाज कमीजास्त करण्याचा उपाय एकच होता : माणसाला पुढे किंवा मागे बसविणे. पुढे विद्युत मायक्रोफोन आले, चुंबकीय फीत आली, आणि त्यानंतर प्रत्येक वाद्य वेगवेगळ्या पट्टीवर मुद्रित करण्याची सोय झाली. या पट्टीलाच आज ट्रॅक म्हणतात. ट्रॅक वेगळे असले की मुद्रणानंतर प्रत्येकाचा आवाज स्वतंत्रपणे कमीजास्त करता येतो. परंतु त्यासाठी एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शक्यतो शिरू नये. ढोलकीची थाप गायकाच्या मायक्रोफोनमध्ये भरली, तर पुढे गायकाचा आवाज वाढविताना थापही वाढते.

म्हणून कलावंतांना दूर बसवावे लागते. कोणी वर्गात, कोणी ओसरीत. ते दूर गेले की एकमेकांना ऐकेनासे होतात. हे गमावलेले ऐकणे त्यांना हेडफोनमधून परत द्यायचे असते. कलावंताच्या कानांसाठी तयार केलेल्या या आवाजांच्या मिश्रणाला मॉनिटर मिक्स म्हणतात. श्रोत्यांसाठीचे मिश्रण निराळे आणि कलावंतासाठीचे निराळे, हा पहिला धडा.

सर्वांना एकच मिश्रण ही समता नव्हे

व्यवहारात सोपा मार्ग घेतला जातो. संगणकातून निघणारा एकच आवाज सर्वांच्या हेडफोनमध्ये सोडला जातो. दिसायला हे समान वाटप आहे. प्रत्यक्षात काय होते ते पाहू.

ढोलकीवाल्याच्या मांडीवरच ढोलकी असते. तिचा आवाज हेडफोन लावला तरी अंगातून, हाडांतून पोहोचतोच. त्याला हेडफोनमध्ये ढोलकी फार थोडी हवी. हवे असतात ते गायकाचे शब्द, कारण तोडा कोठे द्यायचा हे शब्दांवरून ठरते. गायकाला स्वतःचा आवाज स्पष्ट हवा आणि त्याच्या जोडीला पेटीचा किंवा तुणतुण्याचा स्थिर सूर हवा. ढोलकी फार वाढली तर सूर दबतो आणि गायक चढतो किंवा उतरतो. झीलकऱ्यांना मुख्य गायकाच्या ओळीचे शेवटचे अक्षर नेमके ऐकू आले पाहिजे, नाहीतर उचल चुकते. डफवाल्याला ढोलकी हवी. तुणतुणेवाल्याला स्वतःची तार पेटीशी जुळते आहे ना, हे सतत तपासता आले पाहिजे.

या सर्वांच्या वेगवेगळ्या गरजा एका मिश्रणात भागत नाहीत. मग कोणाची गरज भागते? ज्याचा शब्द पथकात चालतो त्याची. मुख्य गायक म्हणतो, माझा आवाज वाढवा; तो वाढतो. मागच्या ओळीतील झीलकरी काही बोलत नाही, अंदाजाने गातो, आणि मुद्रण ऐकताना चूक मात्र त्याच्या नावावर लागते. शहादा परिसरातील चळवळीतून पुढे आलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’ या संग्रहात ‘स्टेज’ नावाची कविता आहे. ज्यांच्या नावाने व्यासपीठ उभे राहते तेच त्यावर नसतात, ही तिच्यातील वेदना आपल्या जिल्ह्याला नवी नाही. ज्याच्या साथीवर गाणे उभे आहे त्यालाच गाणे नीट ऐकू न येणे, हे त्याच वेदनेचे एक लहान रूप आहे.

संधीची समता म्हणजे सर्वांना एकाच मापाचा अंगरखा वाटणे नव्हे, हे आपल्या समाजाला नव्याने सांगावे लागत नाही. कानांच्या बाबतीतही तेच तत्त्व लागू आहे. ज्याला जे कमी पडते, ते त्याला मिळाले पाहिजे.

सामग्रीचा हिशेब

मायक्रोफोनचा आवाज संगणकात नेणाऱ्या आणि संगणकातील आवाज बाहेर आणणाऱ्या जोडयंत्राला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. तो विकत घेताना बहुतेक लोक इनपुट मोजतात, म्हणजे किती मायक्रोफोन लागतील ते पाहतात. वेगवेगळी मिश्रणे द्यायची असतील तर आउटपुटही मोजले पाहिजेत. दोन आउटपुटांच्या लहान इंटरफेसमधून एकच दुकानी मिश्रण निघते. त्यातून सहा वेगळी मिश्रणे कोणत्याही सॉफ्टवेअरने निघणार नाहीत.

समजा, इंटरफेसला आठ इनपुट आणि आठ आउटपुट आहेत. त्यांपैकी १ व २ हे आउटपुट मुद्रण करणाऱ्यासाठी ठेवले. उरलेल्या ३ ते ८ या आउटपुटांतून डाव्या-उजव्या कानांचे वेगळे आवाज असलेली, म्हणजे स्टिरिओ, अशी तीन मिश्रणे निघतील. दोन्ही कानांत एकच आवाज, म्हणजे मोनो, चालत असेल तर सहा निघतील. जलशाच्या पथकाला मोनो पुरेसे आहे : गायक, झीलकरी, पेटी, ढोलकी, डफ आणि तुणतुणे यांना प्रत्येकी एक. दोन झीलकरी शेजारी उभे राहून एकाच मायक्रोफोनवर गात असतील, तर त्यांनी एक मिश्रण वाटून घ्यावे.

इंटरफेसच्या मागील आउटपुटमध्ये हेडफोन थेट जोडून चालत नाही. तो पुरेशा ताकदीने वाजत नाही. मध्ये हेडफोन ॲम्प्लिफायर लागतो. येथे खरेदीत एक ठोकर हमखास लागते. बाजारात चार हेडफोन जोडता येतील असे स्वस्त ॲम्प्लिफायर मिळतात. त्यांतील अनेकांना आवाज आत येण्याची वाट एकच असते. म्हणजे चौघांना आवाज कमीजास्त करता येतो, पण मिश्रण चौघांना एकच मिळते. आपल्याला प्रत्येक हेडफोनसाठी आत येण्याची स्वतंत्र वाट असलेला ॲम्प्लिफायर हवा, किंवा प्रत्येकासाठी लहान वेगळा ॲम्प्लिफायर हवा. त्यावर मोनो-स्टिरिओचे बटण असावे. नसेल तर मोनो मिश्रण एकाच कानात वाजेल.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे असावेत. उघड्या बांधणीच्या हेडफोनमधील आवाज बाहेर गळतो आणि गायकाच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो. मुलांच्या घरी आज ब्लूटूथ हेडफोन सहज सापडतात; ते या कामी अजिबात वापरू नयेत. त्यांतून आवाज शंभर ते दोनशे मिलिसेकंद, कधी त्याहूनही उशिरा येतो. आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची आहे. लॅपटॉप वीज गेल्यावर बॅटरीवर चालतो, पण अधिक आउटपुटांचे इंटरफेस आणि ॲम्प्लिफायर बहुधा वेगळ्या विजेवर चालतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला मुद्रण करायचे असेल तर या दोन्हींना यूपीएस जोडलेला असावा.

संगणकावरील मांडणी

मुद्रणाच्या बहुतेक सर्व प्रगत सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. येथे ‘रीपर’ या सॉफ्टवेअरचे उदाहरण घेतले आहे, कारण ते साध्या संगणकावर चालते, साठ दिवस वापरून पाहता येते आणि त्याचा सवलतीचा परवाना शाळांना परवडण्याजोगा आहे. नावे थोडी बदलली तरी रीत सर्वत्र तीच राहते.

पहिली पायरी : प्रत्येक मायक्रोफोनसाठी एक ट्रॅक उघडावा आणि त्याला कलावंताचे किंवा वाद्याचे नाव द्यावे. ट्रॅक मुद्रणासाठी सज्ज करून त्याचे मॉनिटरिंग चालू करावे. नाहीतर आवाज मुद्रित होईल, पण कोणाच्याही कानांत जाणार नाही.

दुसरी पायरी : प्रत्येक कलावंतासाठी आणखी एक रिकामा ट्रॅक उघडावा. त्याला ‘कान-गायक’, ‘कान-ढोलकी’ अशी नावे द्यावीत. हे ट्रॅक मुद्रणासाठी नाहीत. ती केवळ आवाज गोळा करण्याची भांडी आहेत. त्यांचा मुख्य मिश्रणाकडे जाणारा मार्ग, म्हणजे ‘मास्टर सेंड’, बंद करावा. अन्यथा सर्व आवाज मुद्रण करणाऱ्याच्या कानांत दुहेरी येतील. त्यानंतर प्रत्येक ‘कान’ ट्रॅकला त्याचा हार्डवेअर आउटपुट नेमून द्यावा : गायकाला ३, झीलकऱ्यांना ४, याप्रमाणे.

तिसरी पायरी : प्रत्येक मायक्रोफोनच्या ट्रॅकवरून प्रत्येक ‘कान’ ट्रॅककडे एक वाट काढावी. या वाटेला सेंड म्हणतात. सहा मायक्रोफोन आणि सहा मिश्रणे म्हणजे छत्तीस सेंड. आकडा मोठा वाटतो, पण हे काम एकदाच करायचे असते. झालेली मांडणी साचा म्हणून जतन केली की पुढच्या वेळी ती तयार मिळते. गायकाच्या कानांत ढोलकी किती, हे एका सेंडवर ठरते; झीलकऱ्यांच्या कानांत ढोलकी किती, हे दुसऱ्या. एकाला हात लावला तरी दुसरा हलत नाही. सगळ्या व्यवस्थेचे मर्म या स्वतंत्रतेत आहे.

चौथी पायरी लहान आहे, पण तिच्यावाचून बाकीचे व्यर्थ जाते. सेंड दोन प्रकारचे असतात : फेडरनंतरचे आणि फेडरपूर्वीचे. ट्रॅकचा आवाज वरखाली करणारी सरकपट्टी म्हणजे फेडर. रीपरमध्ये नवा सेंड काढला की तो फेडरनंतरचा असतो. म्हणजे मुद्रण करणाऱ्याने स्वतःला नीट ऐकू यावे म्हणून पेटीचा फेडर खाली केला, तर गायकाच्या कानांतील पेटीही खाली जाते आणि गाता गाता त्याचा आधार सुटतो. म्हणून सर्व सेंड फेडरपूर्वीचे करून घ्यावेत. मग मुद्रण करणाऱ्याने आपल्या बाजूला काहीही केले तरी कलावंतांचे कान शाबूत राहतात. त्याचप्रमाणे मुद्रण चालू असताना सोलोचे बटण दाबू नये. इतरांच्या हेडफोनमधील आवाज त्यामुळे नाहीसे होऊ शकतात.

शेवटी मुद्रण करणाऱ्यासाठी एक साधा मायक्रोफोन जोडून त्याचा आवाजही सर्व ‘कान’ ट्रॅककडे पाठवावा. कान झाकून वेगळ्या खोलीत बसलेल्या माणसाशी बोलण्याचा दुसरा मार्ग नसतो. या मायक्रोफोनलाही एक इनपुट लागतो, हे हिशेबात धरावे.

आवाजाला लागणारा उशीर

मायक्रोफोनमधून आलेला आवाज संगणकात जाऊन हेडफोनमध्ये परत येईपर्यंत थोडा वेळ जातो. याला लेटन्सी म्हणतात. संगणक आवाजाचे नमुने एकेक न हाताळता त्यांचे लहान गठ्ठे करून हाताळतो. या गठ्ठ्याच्या आकाराला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जात असतील, तर १२८ नमुन्यांचा बफर भरण्यास सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात, ५१२ चा भरण्यास सुमारे १०.७, आणि १०२४ चा भरण्यास सुमारे २१.३. आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा थांबत असल्याने प्रत्यक्ष उशीर याच्या दुपटीहून थोडा अधिक होतो.

हा उशीर अंतरात मोजला म्हणजे समजणे सोपे जाते. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर. दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे साथीदार साडेतीन मीटरांवर बसल्यासारखे, तेवढे चालते. चाळीस मिलिसेकंद म्हणजे तो तेरा-चौदा मीटरांवर, पटांगणाच्या पलीकडे बसल्यासारखे. मग ठेका सुटू लागतो. गायकाला तर स्वतःचा आवाज हाडांतून तत्काळ मिळत असतो. तोच आवाज हेडफोनमधून किंचित उशिरा आला की दोन्ही मिळून पोकळ, बोगद्यातून आल्यासारखे वाटतात.

म्हणून मुद्रणाच्या वेळी बफर ६४ किंवा १२८ ठेवावा. संगणक कमी ताकदीचा असेल तर आवाज तडतडतो. तेव्हा २५६ वर यावे आणि इतर सर्व प्रोग्रॅम बंद करावेत. विंडोज संगणकावर इंटरफेसच्या उत्पादकाने दिलेला ‘एसिओ’ ड्रायव्हर वापरावा. काही इंटरफेसमध्ये मिश्रणाची सोय यंत्रातच असते आणि आवाज संगणकात न शिरताच हेडफोनकडे वळविता येतो. अशी सोय असेल तर थेट आवाजाची मिश्रणे तेथेच करावीत आणि रीपरमधील मॉनिटरिंग बंद ठेवावे. दोन्ही चालू राहिले तर आवाज दोनदा ऐकू येतो.

मिश्रण कसे बसवावे

सोण नावाच्या भिक्खूला भगवान बुद्धांनी वीणेचा दृष्टान्त दिला होता, तो आपणां सर्वांस ठाऊक आहे : तार अति ताणली तरी वाजत नाही, अति सैल सोडली तरी वाजत नाही. मायक्रोफोनच्या आवाजाची पातळी बसविताना हाच मध्यम मार्ग धरावा. गायकाला गाण्यातील सर्वांत चढा भाग गाण्यास सांगावे आणि त्या वेळी मीटरवरील पातळी उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे. शून्याला स्पर्श झाला की आवाज फाटतो आणि तो नंतर नीट शिवता येत नाही.

पातळ्या बसल्यावर सर्वांना एकत्र गाण्याचे एक कडवे म्हणावयास लावावे आणि एकेका कलावंताला विचारावे. प्रत्येक जण बहुधा ‘माझा वाढवा’ असेच म्हणतो. तेव्हा आधी दुसरे काय कमी करता येईल ते पाहावे. सर्वांचे सर्व वाढवीत गेले की अर्ध्या तासात कान सुन्न होतात आणि पुन्हा वाढविण्याची मागणी येते. विचारण्याचा क्रम मागच्या ओळीपासून सुरू करावा. मुख्य गायकाची मागणी विसरली जाण्याची भीती नसते, तुणतुणेवाल्याची असते. मुलांसाठी खुणाही ठरवून ठेवाव्यात : वाद्याकडे बोट आणि अंगठा वर किंवा खाली.

याहून उत्तम म्हणजे प्रत्येकाच्या मिश्रणाचा ताबा त्याच्याच हाती देणे. रीपरमध्ये नेमक्या याच कामासाठी ‘मोअर मी’ नावाचे एक साधे वेबपान सोबत दिलेले असते. नावाचा अर्थच ‘माझा आवाज आणखी’ असा आहे. सेटिंगमध्ये वेब ब्राउझरचा पर्याय जोडला की कलावंताला स्वतःच्या मोबाईलवर ते पान उघडून आपले मिश्रण कमीजास्त करता येते. संगणक आणि मोबाईल एकाच वायफायवर असले की झाले. इंटरनेटची गरज नाही. नेटवर्क न पोहोचणाऱ्या पाड्यावरही हे चालते.

वेगळ्या मिश्रणांचा आणखी एक लाभ आहे. काही गाण्यांना लय पक्की ठेवण्यासाठी ठोक्याचा आवाज, म्हणजे क्लिक, लावावा लागतो. तो सर्वांच्या कानांत वाजला तर गायन यांत्रिक होते. तो केवळ ढोलकीवाल्याला द्यावा. बाकीचे त्याच्या मागे जातील. पोवाड्याला मात्र क्लिक लावूच नये. त्याची लय कथेबरोबर चढते-उतरते, आणि ते चढणे-उतरणे हेच त्याचे प्राण आहेत.

मुलांच्या कानांची जबाबदारी

आपले पथक विद्यार्थ्यांचे असते, म्हणून हा भाग सर्वांत गंभीरपणे वाचावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबलची आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे मुलांसाठी ७८ डेसिबलला २० तास, ८१ ला १० तास, ८४ ला ५ तास. ९० डेसिबलला तर आठवड्याला सव्वा तासच उरतो. कानातील सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

म्हणून काही नियम पाळावेत. हेडफोन कानांना लावण्यापूर्वी आवाज शून्यावर आणावा आणि मग हळूहळू वाढवावा. कोणीही हेडफोन घातलेला असताना मायक्रोफोनची वायर काढू किंवा जोडू नये. त्या क्षणी होणारा स्फोटासारखा आवाज थेट कानांत जातो. दर पाऊण तासाने दहा मिनिटे हेडफोन उतरवावेत. मिश्रण ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे असले की आवाज मोठा करण्याची गरजच कमी होते. वेगळ्या मिश्रणांचा हा आरोग्याचा लाभ सुराच्या लाभाइतकाच मोलाचा आहे.

यंत्राने माणसाकडे झुकावे

१ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र झालेल्या आपल्या जिल्ह्यात भीमगीते जशी मराठीत आणि अहिराणीत गायिली जातात, तशीच भिली, पावरी, मावची, कोकणी या भाषांतील गाणी आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी गायिली जातात. काठीच्या राजवाडी होळीत घुमणारा ढोल आणि वस्तीतील जयंतीचा डफ, दोन्ही आपल्याच मुलांच्या कानांत आहेत. ती गाणी म्हणणारे आजी-आजोबा आता थकले आहेत.

त्यांचे मुद्रण करताना वर सांगितलेल्या सर्व व्यवस्थेहून एक गोष्ट वरची आहे : गाणाऱ्याची सहजता. आयुष्यभर उघड्या अंगणात गायलेल्या आजीला दोन्ही कान झाकून गाता येईलच असे नाही. तिला हेडफोनची एकच बाजू कानावर ठेवू द्यावी. तेही नको असेल तर हेडफोन बाजूला ठेवावा, साथीदारांना तिच्याजवळ बसवावे आणि आवाज एकमेकांत मिसळले तरी मुद्रण करावे. हेडफोन साथीदारांनी घालावेत आणि त्यांच्या कानांत आजीचा आवाज सर्वांत वर ठेवावा. त्यामुळे मुद्रणात थोडा दोष राहील, पण गाणे राहील. ढोलासारखे मोठे वाद्य तेवढे दूर, उघड्यावर ठेवावे. मुद्रणाच्या आरंभी गाणाऱ्याचे नाव, गाव आणि गाणे कोणाकडून शिकले हे त्यांच्याच तोंडून म्हणवून घ्यावे, आणि मुद्रण कोठे ऐकविले जाईल हे सांगून त्यांची संमती घ्यावी. आपले शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफीत आले. ते नाव पुसले जाऊ नये यासाठीच.

बुद्धवचने एकत्र म्हणून निश्चित करण्यासाठी राजगृहात जी पहिली सभा भरली, तिला संगीती म्हणतात. सोबत म्हणणे असा त्या शब्दाचा अर्थ. ती वचने ग्रंथरूप होण्यापूर्वी शतकानुशतके भाणकांनी मुखोद्गत सांभाळली. सोबत म्हणण्यासाठी प्रत्येकाला शेजाऱ्याचे म्हणणे ऐकू यावे लागते. ज्याला ऐकू येत नाही, तो मागे पडतो किंवा गप्प होतो.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे संगणक, वीज वा ध्वनियंत्रणेच्या कामात आहेत, त्यांनी सुट्टीत गावी येताना दोन दिवस शाळेच्या गायनपथकासाठी राखून ठेवावेत. छत्तीस सेंडची मांडणी दोन दिवसांत मुलांच्या हाताखाली बसते. पालकांनी आपल्या घरातील गाणाऱ्या वडीलधाऱ्यांची नावे पुढील पालकसभेपर्यंत वर्गशिक्षकांकडे नोंदवावीत, आणि त्यांतही ज्यांचे वय सर्वांत अधिक त्यांची सर्वांत आधी.